रांगेबाहेरचे आपण

दिल्लीतील मराठी मंडळींच्या समारंभांत थोरांची एक यादी ठरलेली असते. महादजी शिंद्यांपासून ती सुरू होते आणि चिंतामणराव देशमुख, काकासाहेब गाडगीळ, यशवंतराव चव्हाण अशी मजल दरमजल करीत टाळ्यांच्या गजरात संपते. या यादीत सर जोसेफ विल्यम भोर हे नाव आम्ही क्वचितच ऐकले आहे. १८७८ साली नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले आणि आय. सी. एस. होऊन व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळापर्यंत पोचलेले हे गृहस्थ. १९४३ साली देशाच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी समिती नेमली गेली, तिचे ते अध्यक्ष होते. १९४६ साली समितीने अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्याच कारणास्तव कोणाही व्यक्तीस पुरेशी वैद्यकीय मदत नाकारली जाता कामा नये, हे त्या अहवालाचे पहिले तत्त्व होते. खेडोपाडी दिसणारे प्राथमिक आरोग्य केंद्र ही कल्पना त्या अहवालातली. १९५६ च्या कायद्याने दिल्लीत उभी राहिलेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे आपले एम्स, हेही त्याच शिफारशीचे फळ होय.

भोर यांचा पुतळा कोठे नाही याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या अहवालाच्या वारसदारांबद्दल. आणि ते वारसदार प्रस्तुत मासिकाच्या वाचकांत बहुसंख्येने आहेत. अंदाजपत्रकाचे आकडे जुळविणारे, मंजूर पदांच्या फायली फिरविणारे, निविदा उघडणारे, लेखापरीक्षणाचे परिच्छेद लिहिणारे, असे अनेक मराठी हात आज मध्य सचिवालयाच्या आणि विकास भवनांच्या खोल्यांतून राबत आहेत. त्यांच्याशी आम्हांला थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे.

प्रथम आश्वासनांचा इतिहास पाहू. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सांगितले की २०१० पर्यंत सरकारांचा आरोग्यावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २ टक्क्यांवर जाईल. २०१० साल आले आणि गेले. २०११ साली योजना आयोगाने नेमलेल्या डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या तज्ज्ञगटाने बाराव्या योजनेच्या अखेरीपर्यंत अडीच टक्के करावेत असे सुचविले. पुढे योजना आयोगच मोडीत निघाला. टक्केवारी मात्र शिल्लक राहिली. २०१७ च्या नव्या धोरणाने तेच अडीच टक्के २०२५ साठी लिहून ठेवले. २०२५ सालही मागे पडले. सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ साली हा खर्च १.१५ टक्के होता आणि २०२१-२२ साली, म्हणजे महामारीच्या लसी, प्राणवायू व तातडीची खरेदी हे सारे धरून, १.८४ टक्के झाला. एवढी मोठी आपत्ती येऊनही जे अंतर कापले गेले नाही, ते साध्या वर्षांत कसे कापले जाणार, हा प्रश्न विचारणे उद्धटपणाचे होऊ नये.

प्रगती मुळीच झाली नाही असे आमचे म्हणणे नाही. त्याच लेख्यांनुसार आरोग्यावरील एकूण खर्चात लोकांच्या स्वतःच्या खिशातून जाणारा भाग २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. हे श्रेय ज्यांचे त्यांना द्यावे. परंतु दर शंभर रुपयांतील ३९ रुपये आजही आजारी माणसानेच काढावयाचे आहेत, आणि त्यासाठी तो दागिना मोडतो की जमीन गहाण टाकतो हे लेख्यांच्या रकान्यात दिसत नाही.

आता केंद्राच्या तिजोरीकडे वळू. निधी कमी होतो आहे असे म्हटले की तत्काळ उत्तर येते : “छे, रक्कम तर दरवर्षी वाढतेच आहे!” रक्कम वाढते हे खरे, वाटा आक्रसतो हेही तितकेच खरे. २०१८-१९ च्या अंदाजपत्रकात आरोग्य मंत्रालयाला ५४,६०० कोटी रुपये मिळाले; एकूण २४.४२ लाख कोटींच्या खर्चात हा भाग सुमारे सव्वादोन टक्के होता. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात मंत्रालयाची रक्कम जवळजवळ एक लाख कोटी झाली. पण एकूण खर्च ५०.६५ लाख कोटींवर गेला होता, आणि वाटा दोन टक्क्यांच्याही किंचित खाली उतरला. यातील विरोधाभास असा की ज्या २०१८ साली आरोग्य आणि शिक्षण या नावाचा चार टक्के उपकर बसविण्यात आला, त्याच सालापासूनची ही तुलना आहे. उपकराचे नाव वाढले आणि ज्यासाठी तो घेतला त्याचा हिस्सा घटला. शिवाय उपकराचे उत्पन्न राज्यांना वाटून द्यावे लागत नाही, आणि आरोग्याच्या खर्चाचा मोठा भार वाहतात ती राज्येच. २०१७ च्या धोरणाने राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाचा ८ टक्क्यांहून अधिक भाग २०२० पर्यंत आरोग्यावर खर्चावा असे म्हटले होते. आपला धनवान महाराष्ट्रही त्या रेषेपासून पुष्कळ दूर राहिला.

आक्रसलेला वाटा रुग्णालयात कसा दिसतो? २०२० च्या जूनमध्ये, महामारी ऐन भरात असताना, जामा मशिदीजवळच्या महापालिकेच्या कस्तुरबा रुग्णालयातील निवासी डॉक्टरांनी पगार न मिळाल्यामुळे सामूहिक राजीनाम्याचा इशारा दिला आणि दिल्ली उच्च न्यायालयाला आपण होऊन त्याची दखल घ्यावी लागली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात हिंदुराव रुग्णालयाचे डॉक्टर थकलेल्या पगारासाठी उपोषणास बसले आणि तेथील करोनाचे रुग्ण इतरत्र हलवावे लागले. ज्यांच्यावर त्या वर्षी देशभर थाळ्या वाजवून कृतज्ञतेचा वर्षाव झाला, त्यांचाच पगार थकलेला होता. २०२४ च्या मार्चमध्ये क्षयाच्या औषधांचा पुरवठा रखडला आणि केंद्राने राज्यांना कळविले की तूर्त औषधे स्थानिक बाजारातून घ्यावीत; २०२५ पर्यंत क्षयाचे निर्मूलन करण्याचा संकल्प सोडलेल्या देशात हे घडले. क्षयाचे औषध मध्येच तुटले तर रोगजंतू औषधाला दाद देईनासा होतो, हे वैद्यकाच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. आणि २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दोन दिवसांत ३१ रुग्ण दगावले, त्यांत तान्ही बालके होती. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने रिक्त पदांविषयी व आरोग्याच्या तरतुदीविषयी विचारलेले प्रश्न साऱ्या महाराष्ट्राने वाचले.

दिल्लीची आणखी एक व्यथा आहे. येथे एका शहरात आरोग्याचे धनी किती असावेत? सफदरजंग, राममनोहर लोहिया आणि लेडी हार्डिंज केंद्राची. लोकनायक व गुरू तेगबहादूर दिल्ली सरकारची. हिंदुराव व कस्तुरबा महापालिकेची. याखेरीज नवी दिल्ली पालिका, छावणी मंडळ, रेल्वे व कामगार विमा यांची वेगळी. यमुना ओलांडली की उत्तर प्रदेश, गुडगावच्या वेशीवर हरियाणा. डास कोणत्या हद्दीत जन्मला हे विचारून डेंग्यू होत नाही; पण धूर कोणी सोडावयाचा हे मात्र हद्द पाहून ठरते. २०१२ साली महापालिकेचे तीन तुकडे केले तेव्हा श्रीमंत वस्त्यांचा मालमत्ता-कर दक्षिणेकडे गेला, आणि उत्तरेच्या व पूर्वेच्या वाट्याला रुग्णालये व कर्जे आली. नकाशावर ओढलेल्या एका रेघेने हिंदुरावच्या परिचारिकेचा पगार थकला. २०२२ च्या मेमध्ये तुकडे पुन्हा सांधले गेले. मधली दहा वर्षे त्या परिचारिकेला परत मिळावयाची नाहीत.

हे सर्व आपल्या वाचकांना ठाऊक आहे. आमच्याहून अधिक तपशीलाने ठाऊक आहे. मग हे चालते कसे? आमचे उत्तर वाचकांना रुचेलच असे नाही, पण ते आम्ही देणार आहोत. हे चालते, कारण ज्यांच्या सहीने ते थांबू शकते त्यांना त्याची झळ लागत नाही.

१९५४ हे साल ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या वर्षी दिल्लीत केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी अंशदायी आरोग्य सेवा योजना सुरू झाली. तिलाच आज आपण सी. जी. एच. एस. म्हणतो. त्याच वर्षी विलिंग्डन रुग्णालय, म्हणजे आजचे राममनोहर लोहिया, केंद्र सरकारकडे आले. आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी उभारलेले सफदरजंग रुग्णालयही केंद्राच्या ताब्यात आले. हे तीन निर्णय परस्परांना पूरक होते. वसाहतीत दवाखाना, त्यापुढे सरकारी रुग्णालय, आणि त्या रुग्णालयात कारकून व सचिव, शिपाई व उपसचिव एकाच छताखाली. खाटेत व खोलीत फरक असेल. पण शस्त्रक्रियागृह एकच, रक्तपेढी एकच, आणि प्राध्यापक-डॉक्टरही तेच. रुग्णालयातील पाण्याचा नळ बिघडला तर त्याचे गाऱ्हाणे अर्थ मंत्रालयाच्या मेजापर्यंत आपोआप पोचण्याची सोय त्या रचनेतच होती.

मागाहून, विशेषतः उदारीकरणानंतर, योजनेच्या यादीत खासगी रुग्णालये दाखल झाली. कर्मचाऱ्याने दरमहा २५० पासून १,००० रुपयांपर्यंत अंशदान द्यावे, दवाखान्यातून चिठ्ठी घ्यावी आणि काचेच्या दाराच्या रुग्णालयात जावे. यांत कोणा एका अधिकाऱ्याचा अपराध आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आजारी आईला चांगल्या ठिकाणी न्यावे असे कोणाला वाटणार नाही? मात्र परिणाम पाहा. राज्य चालविणारा वर्ग राज्याच्या रुग्णालयातून बाहेर पडला. तो रांगेत नाही म्हणून रांगेची लांबी त्याला कळते ती अहवालातून. आणि अहवालात रांग नेहमीच आखूड दिसते. २०२५ च्या फेब्रुवारीत ज्या तालकटोऱ्याला आपले साहित्य संमेलन भरले, तेथून लोहिया रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. संमेलनाला गेलेल्यांपैकी कितीजण त्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गेल्या दहा वर्षांत केसपेपर काढण्यासाठी उभे राहिले असतील?

आणि हे संरक्षण तरी कितपत खरे आहे? २०२१ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत काय झाले ते कोणी विसरलेले नाही. त्या तीन-चार आठवड्यांत कार्ड, ओळख, पदनाम आणि मंत्र्यांच्या कचेरीतून केलेला फोन हे सारे एकाच मोलाचे झाले होते. काचेच्या दारांबाहेरही प्राणवायू संपल्याच्या पाट्या लागल्या. साथ आली की खासगी रुग्णालयाची खाट ही सार्वजनिक व्यवस्थेच्या टेकूवरच उभी असते; टेकू कमकुवत असेल तर दोन्ही कोसळतात. पूर्वीच्या पिढ्यांना हे अनुभवाने माहीत होते. १८९७ च्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. साथीला वाडा आणि वस्ती यांतला भेद कळत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की सरकारने रुग्णालये चालविण्याचा हट्ट सोडावा, गरिबाला विमा द्यावा आणि उपचार त्याने बाजारात घ्यावेत. २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या आयुष्मान योजनेने कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची हमी दिली. २०२५ च्या एप्रिलमध्ये दिल्लीही तिच्यात सामील झाली. या योजनेने काहींचे प्राण वाचविले असतील, ते आम्ही नाकारीत नाही. परंतु ती खाट धरलेल्या रुग्णासाठी आहे. मधुमेहाची गोळी, रक्तदाबाची तपासणी, मुलाचा खोकला, गरोदर बाईची दरमहाची भेट, यांना तिच्यात जागा नाही; आणि सामान्य माणसाचा पैसा मुख्यतः येथेच झिरपून जातो. शिवाय बाजाराचा नियम बाजाराचाच असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये थकलेल्या बिलांवरून हरियाणातील खासगी रुग्णालयांनी या योजनेखालील सेवा थांबविली. तसे करण्याचा त्यांना अधिकार असेल. पण त्या दिवशी रुग्ण कोठे गेला? सरकारी रुग्णालयात. हिंदुरावच्या डॉक्टरांनीही अखेर उपोषण केले हे खरे, पण ते महिनोन्‌महिने बिनपगारी राबल्यानंतर. ज्याला आपण अकार्यक्षम म्हणून मोडीत काढू पाहतो, तेच शेवटचे दार आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. “पैसा देऊन काय करणार? दिलेला तरी कोठे खर्च होतो?” २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्ली विधानसभेपुढे ठेवलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने या आक्षेपाला पुरेपूर आधार दिला आहे. २०१६-१७ ते २०२०-२१ या काळात ३२,००० नव्या खाटांचे वचन दिले गेले. प्रत्यक्षात वाढल्या १,३५७. महामारीसाठी केंद्राने दिलेल्या ७८७.९१ कोटींपैकी ५८२.८४ कोटी खर्ची पडले. हे वाचून मान खाली जाते. परंतु यावरून निष्कर्ष काय काढावयाचा? शेतकऱ्याच्या पाटाला गळती आहे म्हणून धरणाचे पाणीच तोडावे काय? पैसा खर्च होत नाही, कारण खर्च करणारी माणसेच नेमलेली नसतात. पद रिक्त म्हणून यंत्र बंद, यंत्र बंद म्हणून रक्कम अखर्चित, रक्कम अखर्चित म्हणून सुधारित अंदाजात कपात, आणि कपात झाली म्हणून पुढच्या वर्षी पद भरण्यास वित्त विभागाची हरकत! हे वर्तुळ ज्या टेबलांवरून फिरते त्यांची ओळख आमच्या वाचकांना करून देण्याची गरज नाही.

पैसा नाही असे म्हणणाऱ्यांना आम्ही दिल्लीच्या जमिनीचीही आठवण देऊ इच्छितो. या शहरात अनेक खासगी रुग्णालयांना सवलतीच्या दराने सरकारी जमीन मिळाली ती गरिबांसाठी काही भाग मोफत राखण्याच्या अटीवर. २००७ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अशा रुग्णालयांवर आंतररुग्णांत १० टक्के व बाह्यरुग्णांत २५ टक्के मोफत उपचारांचे बंधन घातले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. इंद्रप्रस्थ अपोलोला तर पंधरा एकर जमीन नाममात्र एक रुपया भाड्याने मिळाली, एक तृतीयांश खाटा मोफत ठेवण्याच्या बोलीवर. २०२५ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाला, अट पाळली जात नसेल तर हे रुग्णालय एम्सच्या हवाली करू, असे बजावावे लागले. म्हणजे सरकारने दिले भरपूर. वसूल करावयाचे तेवढे राहून गेले. वसुली ही कोणाची कामगिरी होती, हे पुन्हा सांगावयास नको.

दुसऱ्याच्या आधारावर विसंबण्याचे दिवसही संपले आहेत. २०२५ साली अमेरिकेने आपली परदेशी मदत यंत्रणा गुंडाळली, जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याची घोषणा केली, आणि आफ्रिकेतील अनेक देशांचे दवाखाने एका आज्ञेने अडचणीत आले. जे आपल्या करांतून आपला दवाखाना चालवितात तेच टिकतात. श्रीलंकेने सरकारी रुग्णालये मोफत ठेवली. २००२ साली थायलंडने सर्वांना आरोग्याचे छत्र दिले ते प्रामुख्याने सरकारी रुग्णालयांच्याच बळावर. त्या देशांत सोन्याच्या खाणी सापडल्या नव्हत्या.

मग करावयाचे काय? आमच्या मागण्या चार आहेत, आणि त्यांपैकी एकही अद्‌भुत नाही. पहिली, आरोग्य उपकरातून किती आले व किती आरोग्यावर गेले याचा हिशेब अंदाजपत्रकातच स्वतंत्रपणे छापावा. दुसरी, रुग्णालयांचे पगार, औषधे व प्राणवायू हे खर्च कोणत्याही सुधारित अंदाजात कापता येऊ नयेत, आणि मंजूर पद सहा महिन्यांहून अधिक रिक्त राहिले तर कारण लेखी द्यावे लागावे. तिसरी, दिल्लीपुरते तरी आरोग्याचे धनी एका मंडळाखाली आणावेत, ज्यात शेजारच्या दोन राज्यांना जागा असेल. चौथी मागणी आमच्या वाचकांना सर्वांत कडू लागेल : तातडीचे प्रसंग व सरकारी रुग्णालयात नसलेले उपचार वगळता, सरकारी पगार घेणाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी सरकारी रुग्णालयातच जावे, आणि खासगी बिलांपोटी वाचलेली रक्कम त्याच रुग्णालयांना द्यावी. २०१८ च्या मार्चमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारला याच स्वरूपाचा आदेश दिला तेव्हा पुष्कळांना तो न्यायालयाचा संताप वाटला. आम्हांला तो १९५४ च्या मूळ योजनेचा साधा पुनरुच्चार वाटतो.

“आमच्या हातांत काय आहे, आम्ही तर हुकमाचे ताबेदार!” असे कोणी म्हणेल. पदे निर्माण करणे हातांत नसेल. पण कपातीच्या प्रस्तावावर, या कपातीने कोणत्या रुग्णालयातील कोणती सेवा बंद पडेल, हे एक वाक्य टिपणात लिहिणे प्रत्येकाच्या हातांत आहे. वरिष्ठ ते खोडतील तर खोडोत. खोडण्यासाठी त्यांना ते वाचावे तरी लागेल. एका नाशिककराने परक्यांच्या राज्यात, युद्धकाळाच्या ओढाताणीत बसून, ऐपत नसलेल्या माणसाचा हक्क सरकारी कागदावर लिहून ठेवला. स्वतःच्या राज्यात, शांततेच्या काळात, त्याच्याच भाषेच्या माणसांना एका फाईलीवर एक वाक्य लिहिणे जड जाऊ नये.